विटांचा खेळ: डोक्याला खुराक की नुसता चाळा?



रामनवमीला पोहरादेवीची यात्रा झाली की आमच्या दिग्रसकडच्या शाळांत एक पाहुणा हमखास येतो. दप्तराच्या आतल्या कप्प्यात, कंपासपेटीच्या मागे, कधी शर्टाच्या खाली. हातात मावेल एवढं प्लास्टिकचं यंत्र, वर करड्या रंगाचा छोटा पडदा, खाली चार-पाच बटणं आणि ठळक अक्षरांत लिहिलेलं '9999 इन 1'. तुम्ही ओळखलं असेलच. ब्रिक गेम! आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी यासाठी हट्ट केला असेल. आता हातोहाती मोबाईल आले, तरी यात्रेतल्या खेळण्यांच्या पालावर हा अजून टिकून आहे.

एका पालकाला मी याबद्दल बोललो तर ते म्हणाले, "सर, मोबाईलपेक्षा हे बरं नाही का? डोकं तरी चालते पोराचं."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. खरंच चालतं का डोकं? चालत असेल तर किती, आणि कुठपर्यंत? आज त्याबद्दलच माझं मत मांडतो आहे. पटलं तर घ्या, नाही पटलं तर वर्गात करून बघा.

खेळ आला कुठून?

वरून विटा पडतात, त्या फिरवून नीट बसवायच्या, आडवी ओळ पूर्ण भरली की ती गायब होते. या खेळाचं मूळ नाव टेट्रिस. 1984 साली मॉस्कोमध्ये अलेक्सी पाजित्नोव्ह नावाच्या संगणकतज्ज्ञाने तो तयार केला. ते तिथल्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करत. त्यांना लाकडी तुकडे जुळवायच्या कोड्यांचा नाद होता. पाच-पाच चौकोन जोडून केलेले 12 तुकडे एका पेटीत नीट बसवायचे, असं ते जुनं कोडं. संगणकावर त्यांनी पाचाचे चार चौकोन केले आणि तुकडे सात झाले. ग्रीक भाषेत 'टेट्रा' म्हणजे चार, म्हणून नाव टेट्रिस.

1989 मध्ये जपानच्या निन्टेन्डो कंपनीने 'गेम बॉय' हे हातात धरायचं यंत्र काढलं आणि अमेरिकेत त्याच्यासोबत हा खेळ दिला. तेव्हापासून तो खिशात जाऊन बसला. आपल्या बाजारात गेम बॉय क्वचितच दिसला. आपल्याकडे आला तो त्याचा स्वस्त भाऊ, म्हणजे हा ब्रिक गेम. दोन पेन्सिल सेल टाकले की झालं.

म्हणजे बघा, या खेळाचं मूळ घर गणिताच्या कोड्याचं आहे. हे लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

लेकरांना तो इतका का आवडतो?

आपण म्हणतो, "गेमचं व्यसन लागलं." पण जरा त्या लेकराच्या जागी बसून बघा.

नियम समजावून सांगावे लागत नाहीत. दोन मिनिटं दुसऱ्याचा खेळ बघितला की कळतं. वाचता न येणारं पोरगंही खेळू शकतं. चूक झाली तर ती लगेच समोर दिसते, आणि तिच्यावरून कोणी ओरडत नाही. खेळ संपला तर पुन्हा बटण दाबा, पहिल्यापासून सुरू. पडद्याच्या कडेला पुढचा तुकडा आधीच दिसतो, म्हणजे थोडा पुढचा विचार करायची सवय लागते. सुरुवातीला वेग कमी, जमू लागलं की वेग वाढतो. प्रत्येकाला त्याच्या कुवतीप्रमाणे अवघड.

आता आपल्या वर्गाशी ताडून बघा. लेकरू सोमवारी गणित सोडवतं, वही तपासून मिळते गुरुवारी. तोवर आपण काय चुकलो हेही ते विसरलेलं असतं. चूक झाली की लाल शाई, वर चारचौघांत हसू. सगळ्यांना एकच उदाहरण, एकाच वेगाने. मग लेकराला यंत्र जवळचं वाटलं तर दोष कोणाचा? या बाबतीत दोन पेन्सिल सेलचं ते खेळणं आपल्यापेक्षा चांगलं शिक्षक आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

आणि एक गोष्ट. त्याला इंटरनेट लागत नाही, जाहिराती येत नाहीत, अनोळखी माणूस त्यातून बोलत नाही. या अर्थाने त्या पालकांचं म्हणणं बरोबरच आहे. मोबाईलपेक्षा हे बरं.

माझी एक चूक

पूर्वी मी असा गेम दिसला की जप्त करायचो आणि कपाटात टाकायचो. "परीक्षा झाली की घेऊन जा." एका वर्षी दिवाळीच्या आधी सहावीतल्या एका मुलाचा गेम मी असाच ठेवून घेतला. दिवाळी झाली, शाळा उघडली, तो आलाच नाही. घरचे ऊसतोडीला गेले होते, तोही सोबत गेला. आमच्या भागातल्या तांड्यांवरून आणि खेड्यांतून दरवर्षी अशी कुटुंबं पश्चिम महाराष्ट्राकडे जातात, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

गेम माझ्या कपाटातच राहिला. त्या कोपीवर वीज नाही, खेळायला मैदान नाही, संध्याकाळी आई-बाप फडावरून यायची वाट पाहायची. तिथे त्याच्या सोबतीला जाऊ शकणारी एकुलती एक गोष्ट मी कुलपात ठेवली होती. जूनमध्ये तो परत आला तेव्हा मी कपाट उघडलं. सेल गळून आतली पट्टी हिरवी पडली होती. गेम सुरू झाला नाही. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "राहू द्या सर." पण मला बरेच दिवस ते खात राहिलं.

म्हणून सांगतो, जप्ती हा उपाय नाही. पण म्हणून "खेळू द्या, डोकं वाढते" हेही उत्तर नाही. का, ते पुढे वाचा.

मर्यादा पहिली: शिकलेलं खेळातच राहतं

नंतर मी त्याला नवा गेम आणून दिला. तो त्यात पटाईत होता. बोटं अशी चालायची की बघत राहावं. एकदा मी सहज विचारलं, "पडद्यावर एका ओळीत घरं किती?"

त्याला सांगता येईना. कितीतरी महिने तो तीच ओळ भरत होता, पण ती 10 घरांची आहे हे त्याने कधी मोजलं नव्हतं. उभ्या बाजूला 20 घरं. मग विचारलं, "अख्खा पडदा एकही फट न ठेवता भरला, तर तुकडे किती लागतील?" 10 गुणिले 20 म्हणजे 200 घरं, एका तुकड्याची 4, म्हणजे 50 तुकडे. सहावीच्या मुलाला यायला हवं असं सोपं गणित. त्याला नाही आलं. आणि खरं सांगायचं तर यात त्याची चूक नाही. खेळात मोजायची गरजच पडत नाही. डोळा आणि बोटं काम करतात.

हे फक्त माझ्या वर्गातलं नाही. 2002 साली अमेरिकेत व्हॅलरी सिम्स आणि रिचर्ड मेयर यांनी हेच तपासलं. टेट्रिसमध्ये तरबेज असलेले लोक टेट्रिससारखे आकार मनात फिरवून बघण्यात इतरांपेक्षा पुढे होते. पण आकार आणि जागा ओळखण्याच्या बाकीच्या चाचण्यांत? काही विशेष फरक नाही. म्हणजे खेळाने खेळ शिकवला, बाकी फारसं काही नाही.

त्याआधी 1992 मध्ये रिचर्ड हायर यांच्या गटाने खेळणाऱ्यांच्या मेंदूचे स्कॅन घेतले होते. काही आठवडे सराव केल्यावर स्कोर कितीतरी पटींनी वाढला, पण मेंदूत ग्लुकोजचा वापर मात्र आधीपेक्षा कमी झाला. सरावाने काम सोपं होतं, मेंदूला कमी राबावं लागतं. नवा शिकणारा सायकलवर घामाघूम होतो आणि सराईत माणूस गाणं म्हणत जातो, तसंच. आता तुम्हीच सांगा, ज्याचा स्कोर सगळ्यात जास्त त्याचं डोकं सगळ्यात जास्त चालतंय असं म्हणता येईल का?

म्हणून खोक्यावर 'बुद्धी वाढवणारा खेळ' असं लिहिलेलं दिसलं तर हुरळून जाऊ नका. लेकराला आनंद मिळावा म्हणून जरूर घ्या. औषध म्हणून घेऊ नका.

मर्यादा दुसरी: यात जिंकणं नाहीच

बुद्धिबळात डाव संपतो. वाघ-बकरीत वाघ कोंडला की बकऱ्या जिंकतात. विटांच्या खेळात मात्र शेवट एकच, आपण हरणं. कितीही चांगलं खेळा, वेग वाढत जातो आणि शेवटी विटा वरपर्यंत येतात.

गंमत म्हणजे हे गणिताने सिद्ध झालेलं आहे. सात तुकड्यांत दोन नागमोडी तुकडे असतात, एक डावीकडे वळणारा आणि एक उजवीकडे वळणारा. हेच दोघे आलटून पालटून येत राहिले तर जगातला कोणताही खेळाडू, कितीही हळू वेग असला तरी, शेवटी हरतोच. 1997 मध्ये हायडी बर्गील या गणितज्ञ बाईंनी दाखवलं की असा डाव 70 हजार तुकडे पडायच्या आत संपणारच.

मग '9999 इन 1'चं काय? आत खरे खेळ मोजकेच. विटा, गाड्यांची शर्यत, रणगाडा असे. त्यांचेच वेग आणि पातळ्या बदलून आकडा फुगवलेला.

"आणखी एकदाच" म्हणत लेकरू दोन तास का बसतं, याचं उत्तर इथे आहे. थांबायची जागाच खेळात ठेवलेली नाही. गोष्टीचं पुस्तक संपतं, कोडं सुटतं, हा संपत नाही. म्हणून थांबायची जागा आपण ठरवावी लागते. "बंद कर ते!" असं ओरडून नाही, तर खेळायच्या आधीच ठरवून. "तीन डाव, मग जेवण." वेळेपेक्षा डाव मोजलेले लेकरांना जास्त पटतात, हा माझा अनुभव.

मर्यादा तिसरी: 'काहून?' विचारायला सवड नाही

माझ्या मते ही सगळ्यात मोठी मर्यादा. तुकडा पडत असतो. तो थांबत नाही. थांबून "असं का होतं?" हे विचारायला गेलात तर हरलात. खेळ झटपट विचार शिकवतो, पण शिक्षण जिथे सुरू होतं ते 'का?' खेळाच्या बाहेरच राहतं.

पण ते 'का?' आपण आणू शकतो. त्यासाठी मी जे केलं ते सविस्तर सांगतो, कारण तुम्हालाही एका तासिकेत करता येईल.

जुन्या लग्नपत्रिका घेतल्या. जाड पुठ्ठा, फुकट मिळतो. चौकटीच्या वहीचं माप घेऊन सातही तुकडे कापले. मुलांनी त्यांना नावं दिली: काठी, डबा, एल, उलटा एल, दोन नागमोडी आणि टी. सात तुकडे, प्रत्येकी 4 घरं, एकूण 28. मग फळ्यावर 4 बाय 7 चा आयत काढला. त्याचीही घरं 28. म्हटलं, "सातही तुकडे एकदाच वापरून हा आयत भरा."

वर्ग तुटून पडला. सहा तुकडे बसायचे आणि सातवा हातात उरायचा. रिकामी राहिलेली जागा भलत्याच आकाराची. वीस मिनिटं झाली. तो ऊसतोडीहून आलेला मुलगा सगळ्यात जास्त चिवट. इथे वरून काही पडत नव्हतं, म्हणून त्याला थांबून बघता येत होतं. शेवटी तो वैतागून म्हणाला, "सर, हे बसूनच नाही राह्यलं. काहून नाही बसत?"

मित्रांनो, या 'काहून'साठी मी वर्षभर थांबलो होतो.

मग आम्ही आयताची घरं बुद्धिबळाच्या पटासारखी रंगवली. एक काळं, एक पांढरं. 14 काळी, 14 पांढरी. आता एकेक तुकडा ठेवून बघितला. काठी कुठेही ठेवा, 2 काळी आणि 2 पांढरी झाकते. डबाही तसाच. दोन्ही एल, दोन्ही नागमोडी, सगळे 2-2. राहिला टी. तो मात्र 3 एका रंगाची आणि 1 दुसऱ्या रंगाचं झाकतो. सहा तुकड्यांची मिळून 12 काळी, 12 पांढरी. त्यात टीची 3 आणि 1 मिळवली की 15 आणि 13 होतात. आणि आपल्याला तर हवी आहेत 14 आणि 14!

म्हणजे हे जमत नाही असं नाही, हे जमणं शक्यच नाही. सात काय, सातशे वर्षं प्रयत्न केला तरी नाही. वर्गात क्षणभर शांतता होती. मग एक मुलगी म्हणाली, "म्हणजे चूक आपली नव्हती!" न जमणं आणि जमण्यासारखंच नसणं यात फरक असतो, आणि तो फरक सिद्ध करता येतो, हे त्या दिवशी सहावीच्या पोरांना कळलं. ब्रिक गेम हजार तास खेळूनही हे कळलं नसतं. पण ब्रिक गेम नसता तर एवढ्या ओढीने कोणी तुकडे हातात घेतले असते का? तेही नाही.

सेल न लागणारं कोडं

आपल्या महाराष्ट्रात अशी कोडी खिशात घेऊन फिरणारा एक शिक्षक होऊन गेला. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, नाशिकजवळच्या देवळालीचे. शाळेत शिकवता शिकवता ते आकड्यांशी खेळत राहिले. 1949 मध्ये त्यांनी शोधलेला 6174 हा आकडा आज जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. 3524 घेऊ. अंकांची मोठ्यात मोठी संख्या 5432, लहानात लहान 2345. वजाबाकी 3087. पुन्हा तेच करा: 8730 वजा 0378 म्हणजे 8352. पुन्हा: 8532 वजा 2358 म्हणजे 6174. आता पुढे कितीही करा, 6174च येतो. कोणतीही संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच पोचता.

हेही हातात मावणारं कोडंच आहे. फरक एवढाच की याला सेल लागत नाहीत आणि ते कपाटात जप्त करता येत नाही. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर तो मुलगा पुन्हा ऊसतोडीला गेला. तेव्हा त्याच्या खिशात गेम होता, लग्नपत्रिकेचे सात तुकडे होते, आणि 6174 त्याला तोंडपाठ होता. त्याने गणितात पहिला नंबर काढला असं मी सांगणार नाही. भागाकार त्याचा अजूनही चुकतो. पण 'काहून?' विचारायला तो आता लाजत नाही.

तर माझं मत काय?

पालकहो, यात्रेतून ब्रिक गेम आणला तर अपराधी वाटून घेऊ नका. पण तो आणला म्हणजे अभ्यासाची सोय केली असंही समजू नका. कधीतरी लेकराशेजारी बसा, एक डाव तुम्हीही खेळा. मग विचारा, "हा तुकडा इथे का ठेवला?" हा एक प्रश्न त्या यंत्राला विचारता येत नाही, तुम्हाला येतो.

शिक्षक मित्रांनो, गेम दिसला की कपाटाची किल्ली काढू नका. त्यातले तुकडे पडद्याबाहेर काढा, टेबलावर ठेवा, थांबवा. खेळ लेकराला ओढून दारापर्यंत आणतो. दार उघडणं मात्र आपलं काम आहे, आणि ते कोणत्याही सेलवर चालत नाही.

करून पाहा

1. ब्रिक गेममध्ये तुकडा फिरवता येतो, पालथा करता येत नाही. पालथा करायची मुभा दिली तर सातपैकी वेगळे तुकडे किती उरतील?

2. सात तुकड्यांचे दोन संच घ्या. आता 56 घरं झाली आणि टी दोन झाले. 7 बाय 8 च्या आयतात रंगांची अडचण राहते का? आयत भरून बघा.

3. विटांच्या खेळात दोन ओळी पूर्ण भरायला कमीत कमी किती तुकडे लागतात? आधी गणित करा, मग खेळून बघा.